मारोतीची भांडी आणि गोपालचा परवाना

रिसोडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझी प्रेस आहे. प्रेस आपली नावाला. छपाईचं यंत्र केव्हाच भंगारात गेलं; आता दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या थप्प्या एवढाच पसारा उरलाय. मोठी छपाई अकोल्याहून होऊन येते. तरी बोर्डावर 'प्रिंटिंग प्रेस' लिहिलंय आणि मी जिवंत आहे तोवर ते तसंच राहील. दोन कॉम्प्युटरपैकी चांगल्यावर गोपाल बसतो. वाईटावर मी, म्हणजे मालक.

गोपालचं गाव इथून जवळच. त्याचे वडील शालिकराम भाजीपाला करतात. सकाळी बाजारात माल टाकला की परतताना प्रेसमध्ये डोकावतात आणि सांभाराची एक जुडी पोराच्या टेबलावर ठेवून निघून जातात. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं, नाहीतर ते टेबलावर इडली शोधतील. बोलणं फारसं होत नाही. आपला मुलगा दिवसभर नेमकं काय करतो हे शालिकरामांना कधी कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

तो काय करतो ते मी सांगतो. तो नावं सांभाळतो. लग्नपत्रिकेच्या धंद्यात सोनेरी किनार, पालखीचं चित्र, जाड कागद हे सगळं दिखाऊ आहे. खरा खेळ नावांचा. प्रेषक कोण, विनीत कोण, व्यवस्थापक कोण, आत्याचे जावई मावशीच्या जावयांच्या वर की खाली, ही गणितं चुकली की मांडवात जेवणाआधीच माणसं उठतात. एका पत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव राहिलं तेव्हा ते मामा लग्नात आले, पण अक्षता हातातच ठेवून परत गेले. हे सगळं पाहून पाहून गोपालचा एक नियम झाला होता. गिऱ्हाईक नावं सांगून दमलं की तो विचारायचा, "अजून कोनी रुसनार त नाई ना?" मग आणखी चार नावं निघायचीच.

आणि या माणसानं स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत सख्ख्या मोठ्या काकाचं नाव गाळलं. चुकून नव्हे. शालिकराम आणि त्यांचे थोरले भाऊ शेषराव यांचं त्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून बिनसलं होतं. शालिकरामांनी माझ्याच खुर्चीशेजारी उभं राहून पोराला सांगितलं, "त्याचं नाव काढ." गोपालनं काढलं. ज्या काकानं त्याला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं त्याचं नाव त्यानं त्याच कॉम्प्युटरवर बसून पुसलं. वर शालिकरामांनी भावाच्या घरी आवतन पाठवलं ते एका माणसाचं.

आमच्याकडे आवतन दोन प्रकारचं असतं. एका माणसाचं, म्हणजे घरातल्या कोणीतरी एकानं येऊन जेवून जावं. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटणार नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. सख्ख्या भावाला एका माणसाचं आवतन पाठवण्यापेक्षा काहीच न पाठवलेलं बरं. शेषराव लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून सात वर्षं ते स्टँडवर, पानठेल्यावर, गिरणीवर जो भेटेल त्याला सांगत, "माहा त्या घराशी काई संबंध नाई." न विचारता सांगत. मला तर नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. आमच्या धंद्यातले जुने मराठी फॉन्ट भलतेच तऱ्हेवाईक आहेत. कागदावर नवरीचं नाव सुरेख उमटतं, पण तोच मजकूर मोबाइलवर पाठवला की नवरीच्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं दिसतात. हल्ली प्रत्येकाला कागदाची पत्रिका पाहिजे आणि व्हॉट्सॲपचीही. म्हणजे प्रत्येक मजकूर दोनदा टाइप करायचा. गोपालला याचा कंटाळा आला. पावसाळ्यात लग्नाचे मुहूर्त नसतात, प्रेसमध्ये माश्या मारायची वेळ येते, तेव्हा यानं प्रोग्रामिंग शिकून घेतलं आणि जुना मजकूर टाकला की कोणत्याही मोबाइलवर वाचता येईल असं मराठी बाहेर काढणारा एक प्रोग्राम लिहिला. दरवर्षीच्या पावसाळ्यात त्यात भर घालत गेला. नाव ठेवलं 'आवतन'. आणि सगळा कोड इंटरनेटवर उघडा टाकून दिला. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, वापरावा, बदलावा.

मी म्हटलं, "अबे, विक ना! कायले फुकट वाटून राह्यला?"

"भाऊ, मारोतीची भांडी कशी हायेत? तसं हाय हे."

त्याच्या गावात मारोतीच्या देवळाची भांडी आहेत. मोठाले गंज, म्हणजे पातेली, कढया, पराती, वाढायच्या बादल्या. गावातलं कुठलंही कार्य या भांड्यांत होतं. भांड्यांचा नियम सरळ आहे. तुम्ही सगळ्या गावाला चूलबंद आवतन देणार असाल तर भांडी फुकट. निवडक पाहुण्यांना जेवू घालून दार लावून घेणार असाल तर भाडं. आणि दोन्हीत भांडी घासून परत करायची. एखादं चेपलं असेल तर ठोकून सरळ करून, म्हणजे पुढच्याला कामी येतं. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण तो पाळून घेणारा माणूस एकच, देवळाच्या कोठीची किल्ली कमरेला लावणारे शेषराव.

गोपालनं परवाना तसाच निवडला. या जगात तसे परवाने आधीपासून आहेत, तयार मिळतात. 'आवतन' घेऊन तुम्ही काही बनवलंत आणि तेही सगळ्यांना उघडं ठेवलंत, तर फुकट. तुमचं सामान कुलपात ठेवून विकायचं असेल, तर गोपालकडून वेगळा परवाना विकत घ्या. शहरातल्या लोकांना हे समजायला व्याख्यानं लागतात म्हणे. गोपालच्या आईला, तुळसाबाईला, ते एका वाक्यात समजलं. ती म्हणाली, "म्हंजे आपलाच गंज, पन इंग्रजीत."

अशा कामासोबत एक छोटी फाइल ठेवायची असते, हे काम कोणाचं, हक्क कोणाचे ते सांगणारी. इतर लोक तिथं एक ओळ लिहितात. गोपालनं हात आखडला नाही. सुरुवातीला '॥ श्री मारोती प्रसन्न ॥'. खाली 'सर्व हक्क खालीलप्रमाणे राखीव', आणि मग नावं. पहिलं नाव शेषरावांचं, म्हणजे त्याच्या मोठेबाबांचं. मग शालिकराम, तुळसाबाई, बायको सुप्रिया, दोन्ही बहिणी, दोन्ही भाऊजी, चुलते, मामा, मावसा, 'छपाई सौजन्य' म्हणून मी, आणि सगळ्यात शेवटी बहिणीच्या पोरांची नावं देऊन 'आमच्या मामाचं सॉफ्टवेअर वापरायचं हं!' स्वतःचं नाव मध्येच कुठेतरी.

"हे कोन वाचनार हाय इथं?" मी विचारलं.

"कोनीच नाई," तो म्हणाला. "म्हनूनच त मोठेबाबाचं नाव वर टाकता आलं."

कमाईचं म्हणाल तर त्यानं पानावर एक 'चहा पाजा' असं बटण ठेवलं होतं. ते दाबून पैसे पाठवता येतात. पहिल्या वर्षात एक चहा आला. तो मीच पाजला होता, बटण चालतं की नाही ते बघायला. मागण्या मात्र भरपूर. जळगावचा कोणी लिहायचा की माझा फॉन्ट चालत नाही, दोन दिवसांत दुरुस्त करा. नाशिकचा एक जण तर रागावलाच की रविवारी उत्तर का दिलं नाही. मला संताप यायचा. गोपाल शांतपणे दुरुस्त करून द्यायचा.

सुप्रिया समजूतदार बाई आहे आणि म्हणूनच तिचं म्हणणं टाळता येत नव्हतं. तिचा नवीन नावाचा भाऊ पुण्यात नोकरीला. त्यानं गोपालसाठी तिथं जागा बघून ठेवली होती. ती म्हणाली, "पत्रिकेच्या पगारात घर भागत नाई. तुमचं हे फुकटचं काम दिवाळीपर्यंत कमावते का पाहा. नाई कमावलं त आपन पुन्याले जाऊ. मले हौस नाई, पन पोरीची शाळा हाय." गोपालला जायचं नव्हतं. पुण्याचं नाव काढलं की तो त्या दिवशी जेवत नसे. मीही जेवत नसे, कारण तो गेला असता तर चांगल्या कॉम्प्युटरवर बसायची पाळी माझ्यावर आली असती, आणि मला तो चालवता येत नाही.

पुण्याच्या एका कंपनीची मेल आली ती याच दिवसांत. जुन्या मराठी दस्तऐवजांचं काम करणारी कंपनी. त्यांना 'आवतन' आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं होतं, पण आपलं सॉफ्टवेअर उघडं करायचं नव्हतं. म्हणजे निवडक पाहुणे. त्यांनी रीतसर विचारलं, परवान्याची वर्षाची फी काय? गोपालला आधी वाटलं की फसवणारे आहेत; खात्याचा नंबर मागतील म्हणून त्यानं तीन मेलांना उत्तरच दिलं नाही. शेवटी कंपनीच्या वकील बाईंचा, वैभवी मॅडमचा फोन आला. रक्कम ठरली. सुप्रियानं हिशेब केला आणि प्रथमच म्हणाली की राहू मग इथंच.

आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन. आमच्या स्पीकरवर, मीही ऐकत होतो.

"सर, कोड सगळा तुमचाच आहे ना?"

"माहा एकट्याचा, म्याडम."

"मग हक्कांच्या फाइलमध्ये एवढे लोक कोण आहेत?"

"घरचे."

मग मॅडमनी समजावून सांगितलं. कागदावर जेवढ्यांचे हक्क राखीव आहेत तेवढ्यांना विचारल्याशिवाय परवाना विकता येत नाही. कंपनीच्या बंगळूरच्या कायदा विभागानं ती फाइल भाषांतर करून वाचली होती आणि त्यांचे प्रश्न आले होते. शेवटच्या ओळीतले हक्कदार अज्ञान दिसतात, त्यांचे पालक कोण? आणि सगळ्यात वर उल्लेख असलेले श्री. मारोती हयात आहेत का, असल्यास त्यांची सही कुठे मिळेल?

हयात असण्याबद्दल आमच्याकडे वाद नाही. सहीचं मात्र अवघड होतं. नशीब, वैभवी मॅडम मूळच्या अकोल्याच्या निघाल्या. मारोतीला त्यांनी परस्पर वगळलं. बाकीच्यांसाठी त्यांनी एक मराठी कागद बनवून पाठवला: 'सदर कामाशी माझा कोणताही संबंध नाही व पुढेही राहणार नाही.' प्रत्येकानं सही करायची. सगळ्या सह्या दिवाळीच्या आत आल्या तर करार, नाहीतर कंपनी दुसरं काही बघेल.

आता गंमत अशी की या फाइलचा पत्ता या लोकांना आजवर नव्हता. गोपालचं काम म्हणजे रिकामटेकडेपणा, असं यातले बहुतेक जण त्याच्या तोंडावर म्हणून गेले होते. पण 'संबंध नाही' असं लिहून द्यायची वेळ आली तशी सगळ्यांना एकदम माया फुटली. मोठे भाऊजी म्हणाले, "पत्रिकेतून नाव काढतात तसं वाटून राह्यलं बाप्पा." मावसा म्हणाले, त्यांनीच एकदा गोपालला चार्जर दिला होता, तेव्हा संबंध नाही कसा म्हणायचा? सुप्रिया घरोघर फिरली. तिनं प्रत्येकाला एकच विचारलं, "हे पुन्याले गेले त तुमच्या पोरायच्या लग्नाच्या पत्रिका फुकटात कोन करून देईन?" सह्या होऊ लागल्या. मीही केली, जरा जड हातानं. शालिकरामांनी मात्र झटक्यात सही ठोकली. म्हणाले, "माहा कायचा संबंध? त्याच्या क्लासलेच मी त आडवा आलो होतो."

उरले शेषराव.

गोपालची पावलं तिकडे वळेनात. मॅडमना त्यानं अडचण सांगितली तर त्यांनी सोपी वाट काढली. "सर, त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही. तुम्ही त्यांचं नाव फाइलमधून काढून टाका आणि तसं शपथपत्र द्या. मी कंपनीकडून चालवून घेते. एका मिनिटाचं काम आहे."

खरंच एका मिनिटाचं होतं. गोपालनं फाइल उघडली, काकाचं नाव समोर होतं, बोट बटणावर होतं. मी खुर्चीत बसून मनात म्हणत होतो, दाब रे बाबा, दाब. त्यानं हात मागे घेतला.

"नाई जमत, म्याडम. एकदा काढलं होतं. पुन्हा नाई काढत."

मला त्याचा राग आला, खोटं का सांगू. सुप्रियाला हे सांगायला तो मला सोबत घेऊन गेला. वाटलं, आता बाई पेटी भरायला घेईल. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "मंग त्याईलेच जाऊन विचारा. त्यायनं हाकललं त आपन जाऊ पुन्याले. पन विचारून जाऊ."

दुपारी आम्ही दोघं देवळात गेलो. शेषराव कोठीसमोर बसून कुठल्याशा तेरवीहून परत आलेली भांडी तपासत होते. एका परातीला चिंचेनं पुन्हा घासायला घेतलं होतं. घासून आणणाऱ्यावर त्यांचा कधीच विश्वास नसतो. पुतण्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला विचारलं, "निवडक का गावजेवन?"

भांड्यांसाठी येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारतात. मी म्हटलं, "भांडी नाई पाह्यजेत, काका. एक सई पाह्यजे." आणि कागद पुढे केला.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद वाचला. मग पुन्हा वाचला. 'पुढेही राहणार नाही' या शब्दांखाली त्यांचं बोट थांबलं.

"हे कोनं लिहिलं?"

"वकील बाईनं," गोपाल म्हणाला.

"मी नाई देत असं लिहून."

माझी जीभ काही मला आवरत नाही. मी म्हटलं, "काका, वाक्य त तुमचंच हाय. सात वर्षं झाले ऐकून राह्यलो आमी."

"माहंच हाय," शेषराव म्हणाले. "पन म्या ते बोलाले ठेवलं होतं. कोनी लिहून मांगन असं वाटलं नोतं." त्यांनी चष्मा काढला. "उद्या मी मेलो, अन् हा खांद्याले आला, त कोनी हा कागद काढून म्हनन, तू कायले आला? म्हाताऱ्यानं लिहून देल्लं हाय. मंग काय करू मी? उठून सांगू का?"

गोपालनं कागद त्यांच्या हातातून घेतला आणि घडी करून खिशात घातला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण मी ते चिंचेवर ढकललं.

"नका करू सई, मोठेबाबा. मी कंपनीले नाई सांगतो."

"काय नाई सांगतो? ते कंपनी गावजेवन देऊन राह्यली का?"

"नाई. निवडक."

"मंग भाडं सोडतो कायले? लाज नाई वाटत?" शेषराव एकदम उसळले. नियम मोडला की त्यांना माणूस दिसत नाही. "सई नाई म्हनलो का म्या? 'संबंध नाई' यावर नाई म्हनलो. 'संबंध हाय' असं लिहून आन, हा बसलो मी." मग परात पुढे ओढून, आमच्याकडे न बघता, हळूच विचारलं, "माहं नाव कोनत्या नंबरले हाय त्यात?"

"पयल्या."

"तुह्या बापाच्या वर?"

"वर."

परात आधीच चकचकीत झाली होती. तरी ते ती बराच वेळ घासत राहिले.

मॅडमनी दुसरा कागद बनवला: 'सदर कामात माझा हक्क आहे आणि परवाना देण्यास माझी संमती आहे.' कंपनीनं कुरकुर केली, पण एकाच माणसाचा प्रश्न होता म्हणून मान्य केलं. शेषरावांनी देवळातच मांडी ठोकून सही केली. करार झाला. दिवाळीला सहा दिवस होते. मी पेढे आणले.

मग मॅडमचा आणखी एक फोन आला. आता कागदावर काय झालंय ते त्यांनी सांगितलं. ज्यांनी 'संबंध नाही' लिहून दिलं ते सगळे सुटले. बाप सुटला, आई सुटली, बायको सुटली, चार्जरवाले मावसा सुटले, सौजन्यासकट मी सुटलो. 'आवतन'चे मालक दोनच उरले, गोपाल आणि शेषराव. सात वर्षं गावभर संबंध नाही म्हणून फिरणारा माणूस तेवढा कागदावर संबंधात राहिला, आणि तो अर्ध्याचा मालक झाला.

"काकांना अर्धा वाटा सोडायचा असेल तर तसा कागद करते," मॅडम म्हणाल्या.

शेषरावांना विचारलं. ते म्हणाले, "सोडू कायले?"

सुप्रियानं पुन्हा हिशेब केला. सगळ्या रकमेत घर भागत होतं, अर्ध्या रकमेत भागत नव्हतं. नवीनचा फोन येऊन गेला, जागा अजून आहे म्हणाला. गोपालनं उपाशीपोटी पिशवी काढली आणि तसं सांगायला काकांकडे गेला. शेषरावांनी त्याचं ऐकून घेतलं आणि कोठीच्या किल्लीशी चाळा करत आपला निर्णय दिला.

"माहा अर्धा तुह्यापाशीच ठेव. जवरिक तू इथं हायेस, तवरिक फुकट वापर. गाव सोडलं त भाडं द्या लागन. दर वर्षी, पूरं." वर म्हणाले, "अन् कंपनीनं काई दुरुस्ती केली त वापस मांगत जा. भांडं घासून आलं पाह्यजे."

म्हणजे सुप्रियाचा हिशेब पुन्हा जमला, पण पुण्याला गेलं की बिघडणार अशा बेतानं. इतकी पक्की अट त्या बंगळूरच्या कायदा विभागाला तरी सुचली असती का, मला शंका आहे. पिशवी परत माळ्यावर गेली. शेषराव आठवड्यातून एकदा मालक म्हणून प्रेसमध्ये येऊन बसू लागले. माझ्या खुर्चीवर.

आता रुसायची पाळी शालिकरामांची होती. झटक्यात ठोकलेली सही त्यांना झोपू देईना. बाजारातून येताना त्यांना भाऊ पोराशेजारी बसलेला दिसायचा. ते बाहेरूनच जुडी आत टाकून निघून जायचे. एक दिवस मात्र आत आले, शेषराव नाहीत हे पाहून.

"तो माहा कागद वापस आन. मले संबंध पाह्यजे."

"तो आता कंपनीपाशी गेला, बाबा."

शालिकराम बाकावर बसले. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुह्या लग्नाची पत्रिका हाय का त्या कॉम्प्युटरात?"

होती. गोपाल कुठलीच फाइल पुसत नाही. जुन्या फॉन्टमधली ती पत्रिका त्यानं उघडली, आपल्याच 'आवतन'मधून काढली आणि नावांच्या यादीत सगळ्यात वर हात थांबवून बापाकडे पाहिलं. शालिकराम म्हणाले, "त्याचं नाव टाक. माह्या वर टाक." एकच प्रत छापली. तारीख सात वर्षांपूर्वीचीच ठेवली. मी पैसे घेतले नाहीत, आणि मी पैसे न घेणं ही काय चीज आहे ते रिसोडमध्ये कोणालाही विचारा.

संध्याकाळी शालिकराम देवळाच्या कोठीपाशी जाऊन उभे राहिले. गोपाल आणि मी मागे, चपला काढायच्या निमित्तानं. शेषरावांनी मान वर केली. सात वर्षांत भावाशी पहिला शब्द बोलायचा होता आणि त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

"निवडक का गावजेवन?"

"गावजेवन," शालिकराम म्हणाले. "पोराच्या लग्नाचं. राहून गेलं होतं." त्यांनी पत्रिका समोर धरली. "चूलबंद. तुह्या घरापासून सुरू करून राह्यलो."

शेषरावांनी पत्रिका घेतली, चष्मा न लावताच वाचली, आणि किल्ली कमरेची काढून कोठी उघडायला गेले. कुलूप त्यांना बराच वेळ उघडता येईना.

जेवण रविवारी झालं. भांडी अर्थात फुकट. शेषरावांकडे आता चूल नाही, गॅस आहे. त्या दिवशी तो पेटला नाही.